मे महिन्यात पोरं आली की खेळातल्या कुत्र्याला कसं सांभाळायचं

ॲजिलिटी (अडथळे पार करत पळणं), डिस्क (उडती चकती झेलणं), बॉल आणणं असलं काही शिकवलेला कुत्रा घरात आहे आणि घर कोकणात आहे, म्हणजे मे महिन्यात परीक्षाच. मुंबईचे चाकरमानी येतात, खळ्यात पोरांचा धिंगाणा, पुळणीवर टेनिस बॉलचं क्रिकेट, आणि आपणच वर्षभर त्याला शिकवलेलं असतं की बॉल उडाला की सुटायचं. तो मस्ती करत नसतो हो, त्याच्या हिशोबाने तो ड्युटीवर असतो. त्यात बॉर्डर कॉली असेल तर विचारूच नका, ही जातच मेंढरं वळवायला तयार केलेली, पळणारी पोरं दिसली की त्यांनाही वळवायला जाणार आणि टाचेला दात लावणार.

यावर बरेच जण काय करतात, तर "सवय होऊ दे" म्हणून सगळ्या पोरांना बोलावतात आणि हात लावायला देतात. माझं मत विचाराल तर नका करू हे, खेळातल्या कुत्र्याची पोरांशी दोस्ती झाली नाही तरी चालतं, त्याला त्यांच्याकडे दुर्लक्ष करता आलं पाहिजे. पोरं दिसली की आपल्या माणसाकडे बघायचं, तिथे काहीतरी भारी मिळतं, एवढंच डोक्यात बसवायचं.

आता हे करायचं कसं, तर अंतर ठेवून. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे घ्या (सुकट नको, मीठ फार असतं) आणि पोरं खेळतायत तिथून इतक्या लांब उभे राहा की कुत्रा बघतो पण ताणत नाही. त्याने पोरांकडे पाहिलं की लगेच "येस" म्हणायचं आणि तुमच्याकडे वळला की तुकडा द्यायचा. बस्स. काही दिवसांनी तो पोरांकडे एकदा बघून स्वतःच तुमच्याकडे मान वळवायला लागतो, तोपर्यंत पुढे सरकायची घाई नको. जवळ गेलोय का हे त्याच्या तोंडावरून कळतं, एरवी हलकेच तुकडा उचलणारा कुत्रा चिकनसोबत तुमची बोटंपण ओढायला लागला, किंवा तोंड मिटून, कान पुढे करून नुसता टक लावून बसला आणि तुकड्याला विचारतच नाही, तर गुपचूप मागे फिरा, ओरडू नका. आधी बसलेली पोरं, मग चालणारी, मग पळणारी, आणि बॉल सगळ्यात शेवटी.

पुळणीवर जायचं तर भरती-ओहोटी बघून जा, हे कोणी सांगत नाही. ओहोटीला ओली घट्ट वाळू मैदानासारखी मोकळी असते, हवं तेवढं अंतर मिळतं, पण भरतीला, त्यातून पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, तीच पुळण सुरूच्या झाडांपर्यंत आक्रसते आणि पोरं, बॉल, कुत्रा सगळे एकाच पट्ट्यात. शिवाय ऊन चढायच्या आत परत या, तापलेल्या वाळूत पाय भाजणारा कुत्रा काय लक्ष देणार.

घरी पडवीत एका कोपऱ्यात गोणपाट टाका आणि त्यावर बसलं की खाऊ, हे पोरं यायच्या आधीच पक्कं करून ठेवा. खळ्यात खांबाला बांधून मात्र ठेवू नका, बांधलेल्या कुत्र्याला लांब जाता येत नाही आणि मग त्याच्याकडे दातच उरतात. जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं दिसलं की समजा तो अस्वस्थ झालाय, त्याला आतल्या खोलीत न्या. गुरगुरला तर मारू नका, गुरगुरणं बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

पोरांनाही शिकवावं लागतं. "ओ काका, चावतो का हो?" हा प्रश्न येणारच, आणि आपण सवयीने "नाय रे, गरीब आहे" म्हणतो, ते म्हणायचं नाही. चावू शकतो, म्हणून विचारल्याशिवाय हात नाही, मिठी नाही, खाताना-झोपताना जवळ जायचं नाही. आणि अंगावर धावत आला तर? स्टॅच्यू! हा खेळ सगळ्यांना येतो, हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे, आवाज बंद. कुत्रा आतल्या खोलीत ठेवून पोरांकडून दोन-चारदा खेळून घ्या, हसतखेळत जमतं.

एवढं करूनही दात लागला, नुसता ओरखडा असला तरी, हळद-चुना काही लावायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीही. आणि पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात, भाचा कितीही मागे लागला की "मामा, मी धरू?" तरी नाही म्हणजे नाही, त्याला चिकनचा डबा धरायला द्या.