सोसायटीची भयकथा लिहिताय? या चुका टाळा

सोसायटीवरच्या भयकथेची मोठी अडचण ही की वाचक स्वतः सोसायटीत राहतो. पडक्या वाड्यात तो कधी गेलेला नसतो, त्यामुळे वाड्यात लेखकाने काहीही घडवलं तरी खपून जातं. मेंटेनन्सचं बिल, लिफ्टमध्ये चिकटवलेली नोटीस, सर्वसाधारण सभेला अर्ध्या रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्या हे मात्र त्याने कालच पाहिलेलं असतं. तिथे एक तपशील चुकला की तो कथेतून बाहेर पडतो आणि पुन्हा आत येत नाही.

हाच आपला फायदाही आहे. वाचकाला कागदपत्रं पाठ आहेत, म्हणून कागदावरची एकच नोंद वाकडी केली तरी त्याच्या पोटात गोळा येतो. बाकी सगळं काटेकोर खरं ठेवा आणि फक्त ती एक नोंद हलवा. पुढच्या बहुतेक चुका हे न पाळल्यामुळे होतात.

अमेरिकेतली कॉलनी इथे आणणे

अमेरिकेतल्या एचओएच्या, म्हणजे घरमालक संघटनांच्या, कथांमध्ये सुटे बंगले असतात. हिरवळ किती वाढली, टपालपेटी कुठल्या रंगाची, यावरून दंड होतो. घराच्या दस्ताबरोबरच त्या अटी गळ्यात पडतात आणि वर्गणी थकली तर अनेक राज्यांत घरावर बोजा चढवून ते लिलावात काढता येतं. तिथली भीती खरी आहे, पण ती तशीच उचलून हिंजवडीत किंवा ठाण्यात ठेवली की उपरी वाटते. आपल्याकडे टॉवर असतात. आपली फरशी म्हणजे खालच्यांचं छत, पाणी सगळ्यांना एकाच टाकीतून आणि सांडपाणी एकाच डक्टमधून. हिरवळीच्या दंडाने इथे कुणी दचकणार नाही. गळतीने दचकेल.

गळती वापरायची तर ती प्लंबरच्या नजरेने वापरा. पुरवठ्याची पाइपलाइन फुटली तर तिच्यात सतत दाब असतो, म्हणून ओल चोवीस तास वाढत राहते. न्हाणी ट्रॅप (न्हाणीघराच्या फरशीतलं निचऱ्याचं तोंड) किंवा सांडपाण्याचा सांधा गळत असेल तर वर कुणी पाणी वापरलं तरच खाली थेंब पडतात. आता समजा वरचा फ्लॅट दोन वर्षं बंद आहे, आणि नायकाच्या न्हाणीघराच्या छतातून रोज पहाटे साडेपाचला फक्त दहा मिनिटं पाणी ठिबकतं. प्लंबर एवढंच म्हणतो, "साहेब, ही पाइपाची गळती नाही. वर कुणीतरी आंघोळ करतंय." याहून जास्त त्याने बोलू नये.

चेअरमनला राक्षस करणे

पहिल्याच पानावर चेअरमन कपटी हसतो आणि कथा तिथेच संपते. मुळात चेअरमनच्या हातात एकट्याने करण्यासारखं फार थोडं असतं. समान मतं पडली की निर्णायक मत त्याचं, सभेचं अध्यक्षपद त्याचं, आणि बाकी अधिकार व्यवस्थापक समितीचे. कागद सेक्रेटरीकडे असतात. नोटीस तो काढतो, इतिवृत्त तो लिहितो, सभासदांच्या नोंदवह्या त्याच्या कपाटात असतात. भीती त्या कपाटाची हवी. समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि आपल्याकडे पुढे कुणी यायलाच तयार नसतं, म्हणून तेच सात-आठ चेहरे बिनविरोध परत येतात. ही उदासीनता वाचकाने स्वतः केलेली आहे. ती कथेत आली की तोही गुन्ह्यात सामील होतो.

सगळे एकजात सामील दाखवणं हीही अशीच घाई. साठ फ्लॅटच्या इमारतीत चार जणांना ठाऊक असतं, दहा जणांना संशय असतो, आणि बाकीच्यांना लिफ्ट लवकर दुरुस्त व्हायला हवी असते.

धमकी उघड देणे

"नियम मोडाल तर परिणाम भोगावे लागतील" अशी नोटीस खऱ्या आयुष्यात क्वचितच निघते. खऱ्या नोटिशीला कर्ता नसतो. "सर्व सभासदांस कळविण्यात येते की", "याची नोंद घ्यावी", "सहकार्य अपेक्षित आहे". ही कर्मणी भाषाच भयकथेचं सगळ्यात चांगलं हत्यार आहे. कथेतल्या नोटिशीतून उद्गारचिन्हं काढून टाका, विषय क्रमांक घाला, आणि विचित्र गोष्ट तीन-चार साध्या विषयांच्या मधोमध ठेवा. उदाहरणार्थ:

"1. टाकी सफाईमुळे रविवारी सकाळी 10 ते 4 पाणीपुरवठा बंद राहील. 2. पार्किंगमध्ये मुलांनी क्रिकेट खेळू नये. 3. सदनिका क्र. 604 मधून हाक आल्यास सभासदांनी उत्तर देऊ नये. 4. ओला व सुका कचरा वेगळा द्यावा."

इथे विषय तीन शेवटी ठेवला तर परिणाम निम्मा होतो, कारण शेवटी आलेल्या गोष्टीला वाचक तयार असतो.

बिल तर नोटिशीपेक्षाही जास्त उपयोगी, आणि ते फार थोडे लेखक वापरतात. बिलावर सेवा आकार, पाणीपट्टी, मालमत्ता कर, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पार्किंग अशा ओळी असतात. एक ओळ फक्त काहींच्या बिलावर येते: बिनभोगवटा शुल्क. सभासद स्वतः राहत नाही आणि त्याने घर भाड्याने दिलं आहे, तेव्हा ते लागतं, आणि महापालिकेचे कर वगळून सेवा आकाराच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. आता नायिका स्वतःच्या घरात सात वर्षं राहते आहे. सेवा आकार 2,400 रुपये. या महिन्याच्या बिलावर एक नवी ओळ आली: बिनभोगवटा शुल्क, 240 रुपये. म्हणजे सोसायटीच्या दप्तरी या घरात सभासद राहत नाही, दुसरंच कुणीतरी राहतं. ती ऑफिसात विचारायला जाते आणि सेक्रेटरी शांतपणे म्हणतो, "मॅडम, आम्ही खात्री करूनच लावतो."

आकडा मात्र बरोबर 240 हवा. 500 लिहिला तर जाणकार वाचकाला ती वसुलीतली चूक वाटेल आणि भीती हवेत विरून जाईल. थकबाकीवरच्या व्याजाचंही तसंच: वर्षाला 21 टक्के सरळव्याज ही कमाल मर्यादा. चक्रवाढ व्याज लावणारी सोसायटी भयानक वाटत नाही, फक्त बेकायदा वाटते.

कायदा अंदाजाने लिहिणे

आधी ठरवा, तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट. पुण्यात दोन्ही भरपूर आहेत आणि लेखक सर्रास गल्लत करतात. संस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येते. तिथे शेअर सर्टिफिकेट असतं आणि एका सभासदाला एकच मत, मग त्याचे फ्लॅट एक असोत की दहा. अपार्टमेंट 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतं. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारा दस्त) असतं, शेअर सर्टिफिकेट नसतं, आणि मताचं वजन सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांवर ठरतं. एकाच अदृश्य मालकाने हळूहळू सगळी इमारत गिळली, असं कथानक असेल तर ते अपार्टमेंटमध्येच घडू शकतं. सोसायटीत त्याला मतांसाठी माणसं लागतील. कदाचित तीच तुमची कथा असेल.

सभासदाला हाकलणं एका संध्याकाळच्या बैठकीत उरकू नका. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 35 प्रमाणे त्यासाठीच बोलावलेली सर्वसाधारण सभा लागते, हजर मतदारांपैकी तीन चतुर्थांशांचं बहुमत लागतं, त्या सभासदाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि सहकार खात्याच्या निबंधकाच्या मंजुरीशिवाय ठराव लागू होत नाही. हे लांबट आहे म्हणून गाळू नका, कारण छळाची लांबी इथूनच मिळते. हाकललेल्याला एक वर्ष पुन्हा सभासद होता येत नाही. म्हणजे एका वर्षाने दारात कोण उभं राहणार, हे वाचकाला आधीच कळतं.

थकबाकीसाठी रात्री पाणी तोडणारी समितीही नको. वसुलीचा रस्ता उपनिबंधकाकडून मिळणाऱ्या वसुली दाखल्यातून जातो. त्याचं कलम पूर्वी 101 होतं, 2019 च्या दुरुस्तीनंतर 154ब-29 झालं. कथा त्याआधीच्या काळात घडत असेल तर जुनंच कलम लिहा.

नायक घर सोडून का जात नाही?

या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढची पानं वाया जातात. "सोसायटी एनओसी देत नाही" हे नेहमीचं उत्तर कच्चं आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) विक्रीसाठी सोसायटीच्या ना-हरकतीची गरजच नाही, आणि हस्तांतरण प्रीमियमही महापालिका हद्दीत 25,000 रुपयांच्या वर घेता येत नाही. अडचण घेणाऱ्याच्या बँकेची असते. तिला सोसायटीचं पत्र हवंच असतं. म्हणून उलटं करून पाहा. समिती पत्र लगेच देते, हसत देते, आणि प्रत्येक वेळी घेणारा घर बघून गेल्यावर फोन उचलत नाही.

घट्ट कारणं आणखी आहेत. अजून बरंच गृहकर्ज बाकी आहे, किंवा पुनर्विकासाचा करार सही होऊन जुनी इमारत पडायची वाट बघतेय, किंवा आई अंथरुणाला खिळली आहे आणि सहावा मजला उतरू शकत नाही. नायक भाडेकरू असेल तर लिव्ह अँड लायसन्सचे 11 महिने आयतेच हाताशी आहेत. अनामत परत हवी तर मुदत काढावीच लागते. कथेला अकरा भाग पाडा, प्रत्येक महिन्याचं एक बिल, आणि बाराव्याची गरज पडू देऊ नका.

सभेचा प्रसंग फसतो तेव्हा

सभा हा या कथेचा कळस असतो आणि बहुतेकदा तिथेच ती कोसळते, कारण पंधरा माणसं बोलायला लागतात. तीनच आवाज ठेवा: सूचक, अनुमोदक, आणि एक शंका विचारणारा. बाकीचे फक्त हात वर करतात. हातच लिहा, चेहरे नकोत.

गणपूर्तीवर, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीवर, भीती उभारायची असेल तर साध्या सभेत ती उभी राहत नाही. तिथे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतली कमी संख्या पुरते, आणि तेवढेही आले नाहीत तर अर्ध्या तासाने त्याच जागी सभा होते, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यासाठी पुनर्विकासाची सभा घ्या. त्याच अधिनियमाच्या कलम 79अ खालच्या शासनाच्या निर्देशांप्रमाणे तिथे एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर लागतात. विकासक निवडायच्या सभेला निबंधकाचा प्रतिनिधी बसतो आणि व्हिडिओ चित्रण होतं. साठ सभासदांच्या सोसायटीत 40 हवेत. हजेरीपटावर 40 सह्या आहेत, ठराव मंजूर होतो. नंतर नायक चित्रण थांबवून थांबवून डोकी मोजतो. 37.

ते तिघे कोण, हे सांगायची घाई करू नका. आपल्याकडे सभासद गेला तरी वारसांनी कागद केले नाहीत तर नाव नोंदवहीत तसंच राहतं आणि बिलही वर्षानुवर्षं त्याच नावाने येतं. ही साधी वस्तुस्थिती कथेच्या सुरुवातीला एका वाक्यात पेरून ठेवा. नायक दरमहा स्वतःच्या वारलेल्या वडिलांच्या नावाचं बिल भरतो, इतकंच. मग हजेरीपटावर त्याला त्यांची सही दिसू दे. अक्षर ओळखीचं. शाई ओली असल्याचं लिहू नका, त्याने सगळं पातळ होतं.

मोबाइल, कॅमेरा आणि वॉचमन

रेंज गेली, लाइट गेले, हे टाळा. फोन चालू द्या. पोलीस येऊ द्या, त्यांनी "हा सोसायटीचा अंतर्गत प्रश्न आहे" म्हणून परत जाऊ द्या. कॅमेऱ्याचं चित्रण साधारण 15 ते 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं, डिस्क किती मोठी त्यावर ते ठरतं. पुरावा हरवायला भूत लागत नाही. नायकाला तिसाव्या दिवशी तिथे पोचवा.

वॉचमनला भविष्यवेत्ता बनवू नका. "साहेब, इथे राहू नका" हे वाक्य हजार वेळा लिहून झालं आहे. तो एजन्सीचा माणूस असतो, बारा तास उभा असतो, आणि त्याच्यासमोर एक वही असते: नाव, फ्लॅट, आत येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. त्याला वही नीट लिहू द्या. 604 कडे आलेल्या पाहुण्यांच्या ओळींत जाण्याची वेळ कोरी आहे. त्याने ते बोलून दाखवायचं नाही, आपण वाचकाला वही फक्त उघडून द्यायची.

शेवट समजावून सांगणे

पायात बळी दिला होता, जागा स्मशानाची होती, बिल्डरने शाप घेतला होता. यातलं काहीही शेवटी आलं की आधीच्या बिलाची, नोटिशीची किंमत शून्य होते. कारण सांगायचंच असेल तर मध्यावर आणि अर्धवट सांगा, तेही चुकीच्या माणसाच्या तोंडून.

शेवटासाठी सोसायटीचा स्वतःचा कागद आहे: इतिवृत्त. सभेचा पहिला विषय सहसा मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतो. आधीच्या प्रसंगात नायकाने ठरावाला विरोध केला होता, ओरडून केला होता. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात तो सूचक आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली तारीख.

ती तारीख टाकण्याआधी हिशेब करा. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी पोचावी लागते, विशेष सभेची 5 दिवस आधी, आणि पोच म्हणून वहीत सभासदाची सही घेतात. नायक 3 तारखेला गेला असेल तर नोटीस 6 तारखेची ठेवा, आणि पोचवहीत 604 समोर त्याची सही.