'पूर्ववत' शाळेतल्या चुका: मुख्याध्यापकांनो, या टाळा

15 जून 2022 ला आम्ही फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, पाचवीच्या नव्या मुलांना गुलाबाची फुलं दिली, परिपाठ झाला आणि पहिल्या तासाला सातवीत गणिताचा पहिला धडा सुरू झाला. वर्षातली पहिली चूक तीच.

मी कृष्णाकाठच्या एका गावातल्या अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका. पाचवी ते दहावी, पट चारशेच्या आसपास, सगळा उसाचा पट्टा. मार्च 2020 ला कोरोनामुळे शाळेला कुलूप लागलं. त्यानंतर ती उघडली ती तुकड्या-तुकड्यांनी. 4 ऑक्टोबर 2021 ला नीट उघडली असं वाटलं, तर जानेवारीत ओमायक्रॉन आला, पुन्हा कुलूप. 24 जानेवारीला पुन्हा किल्ली. जूनपासून एप्रिलपर्यंत सलग चाललेलं पहिलं वर्ष म्हणजे 2022-23. त्या वर्षी आमच्या बोलण्यात, कागदात, बैठकीत एकच शब्द होता, 'पूर्ववत'. वर्ग पूर्ववत, परीक्षा पूर्ववत, अभ्यासक्रम पूर्ववत.

तो शब्द मला खरा वाटला याला कारण होतं. 2019 च्या महापुरात आमची शाळा बंद होती. पाणी उतरल्यावर चिखल काढला, बाकं धुतली आणि धडा जिथे सोडला होता तिथून धरला. जमलं. दोन वर्षांनंतरही तसंच जमेल, असं मी धरून चालले. खालच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत. त्या निस्तरायला काय करावं लागलं तेही सोबत लिहिते.

पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात

सातवीच्या गणितात पहिलाच धडा भौमितिक रचनांचा. मुलांचं अडलं ते कंपास धरण्यापासून. कोनमापक उलटा ठेवून मुलं एकमेकांच्या वहीत बघत होती. सरांनी आठवडाभर रेटलं आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "बाई, यांना कोन शिकवू की भागाकार?"

तेव्हा मी कागदावर मांडून बघितलं. सातवीतली मुलं मार्च 2020 ला चौथीत होती. पाचवीतली मुलं तेव्हा दुसरीत होती, म्हणजे ज्या दोन वर्षांत मूल अक्षरं जोडण्यापलीकडे जाऊन वाचायला लागतं, ती तिसरी-चौथी त्यांनी बहुतेक घरीच काढली. हा हिशेब मे महिन्यात पाच मिनिटांत झाला असता. पुढे जानेवारीत 'असर 2022' चा, म्हणजे खेड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा, अहवाल आला. देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचता येणारी तिसरीतली मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती, ती 20.5 टक्क्यांवर आली होती. तोवर मी मनातल्या मनात गावातल्या प्राथमिकच्या गुरुजींना दोष देत होते. त्यांना जाऊन भेटले आणि तसं सांगितलंही.

उपाय आम्ही जुलैत केला, तुम्ही पहिल्याच आठवड्यात करा. पाच शिक्षक व्हरांड्यात बसवले. एका वेळी एक मूल. तिसरीच्या पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायचा, 52 वजा 27 करायची, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं. पाच-सात मिनिटांत मूल कुठे आहे ते कळतं. सातवीतली सतरा मुलं हातच्याच्या वजाबाकीवर अडली. मग रोजचा पहिला तास पाचवी ते सातवीसाठी इयत्ता बाजूला ठेवून लावला. ज्याला जे येत नाही त्या गटात त्याने बसायचं.

इथे एक पोटचूक झाली, ती सांगायलाच हवी. गटांना 'अ, ब, क' नको म्हणून नद्यांची नावं दिली: कृष्णा, वारणा, येरळा. मला ते फार छान वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी ओट्यावर येऊन विचारते, "बाई, मी येरळेत आहे म्हणजे मला काही येत नाही ना?" येरळा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, हे आमच्या पोरांना मी सांगायची गरज नव्हती. नावं काढून टाकली. 'हॉलमध्ये बसणारे', 'वाचनालयात बसणारे', 'ओट्यावर बसणारे' एवढंच ठेवलं, दर तीन आठवड्यांनी चाचणी घेऊन मुलं हलवली आणि हॉल-ओटा यांची अदलाबदलही करत राहिलो.

सेतू अभ्यास 'पूर्ण' करणं

सेतू अभ्यासाची कल्पना चांगली होती. मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायचं, दिवसवार कृतिपत्रिका, मधे चाचण्या. आमच्याकडे झालं असं की कृतिपत्रिकांची उत्तरं फळ्यावर आली आणि तिथून वहीत उतरली. वह्या पूर्ण, चाचणीचे गुण भरलेले, तक्ता सुबक. त्या तक्त्यावर मी सही केली. सही करताना ज्या मुलाला वीसपैकी अठरा होते, त्याला मी आदल्याच दिवशी नोटीस वाचायला सांगितली होती आणि त्याला ती वाचता आली नव्हती.

शिक्षकांवर ओरडून काही होत नाही. तक्ता वेळेत हवा म्हणून मागे लागणारी मीच होते. मग गुणांचा रकाना ठेवला आणि शेजारी आणखी एक रकाना हाताने आखला: 'एकट्याने केलं / बघून केलं'. तो कुठेही वर पाठवायचा नाही, असं सांगितलं. वर पाठवायचा नाही म्हटल्यावर तो खरा भरला गेला.

हाताकडे दुर्लक्ष

वाचन, गणित यांची चर्चा सगळे करतात. लिहिण्याच्या हाताबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते आमच्या शाळेतलं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी. दहावी, मराठी, वीस गुण. मी सुपरव्हिजनला होते. विसाव्या मिनिटाला तिसऱ्या बाकावरच्या मुलाने पेन ठेवलं, बाकाखाली मनगट झटकलं, बोटांवर फुंकर घातली. मला वाटलं, याला येत नाही. जवळ जाऊन बघितलं तर उत्तर अर्धं आणि बरोबर होतं. पहिल्या पानावर ओळी सरळ, दुसऱ्या पानावर उजवीकडे उतरत गेलेल्या, शेवटची ओळ तर समासात घुसलेली. वर्गात अशी निम्मी मुलं.

या बॅचने मधली नववीची परीक्षा सोडली तर पूर्ण वार्षिक परीक्षा दिली होती ती सहावीत, 2019 च्या एप्रिलमध्ये. सातवीची रद्द झाली, आठवीला तसेच वर गेले. मार्च 2022 च्या दहावीला 75 टक्के अभ्यासक्रम होता, 80 गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त होता आणि बहुतेकांना केंद्र आपल्याच शाळेत होतं. यांना मार्च 2023 मध्ये पूर्ण अभ्यासक्रम, नेहमीची वेळ, दुसऱ्याच्या शाळेतलं केंद्र. पेपर हातात घेऊन आधी दहा मिनिटं वाचायला मिळायची तीही गेली आणि शेवटी जोडली गेली.

पहिला उपाय मी चुकीचा केला: सराव परीक्षा वाढवल्या. थकलेल्या हाताला आणखी तीन पेपर. मुलं उत्तरं आखूड करायला शिकली, एवढंच. मग परीक्षा थांबवून श्रुतलेखन सुरू केलं. रोज, फक्त पाच मिनिटं, गुण नाहीत. उतारा कुठलाही, कधी वर्तमानपत्रातली उसाच्या दराची बातमीसुद्धा. दिवाळीपर्यंत पंधरा मिनिटं, डिसेंबरात पंचवीस. नुसतं हात चालवणं. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत तीन तास संपेपर्यंत बहुतेक मुलं लिहीत होती. दहावीला 'श्रुतलेखन' म्हटल्यावर काही पालक हसले होते. हसू द्यावं.

'मुलं बिघडली' असं म्हणून मोकळं होणं

जुलैत शिक्षकखोलीत हे वाक्य रोज ऐकू यायचं. नववीतला एक मुलगा तास चालू असताना उठून सरळ पाणी प्यायला गेला, म्हणून सर त्याला माझ्यापुढे घेऊन आले. विचारलं, तर तो अगदी साधेपणाने म्हणाला, "बाई, तहान लागली होती." उर्मटपणा नव्हता त्यात. दोन वर्षं हा मुलगा बाजारात वजनकाटा सांभाळून भाजी विकत होता. उधारी लक्षात ठेवायची, गिऱ्हाईक सांभाळायचं, टेम्पोवाल्याशी भाव करायचा. त्याला आता पाणी प्यायला परवानगी लागते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळेत बसणं ही शिकलेली गोष्ट असते आणि ती विसरता येते. घंटेनंतर वर्गात येणं, हात वर करणं, दुसरा बोलत असताना थांबणं, हे सगळं आम्ही पुन्हा शिकवायला घेतलं, सातवीलाही आणि नववीलाही. शिक्षा निम्म्याहून कमी झाल्या. मोबाइलचं मात्र नाही जमलं. ती लढाई अजून चालू आहे आणि मी ती जिंकते आहे असं म्हणवत नाही.

पटावरचं नाव म्हणजे वर्गातलं मूल

दोन वाड्यांवरच्या नऊ मुली आठवड्यातून दोन-तीन दिवसच यायच्या. मी नोंदवहीत 'पालक उदासीन' असं लिहिलं. लिहून झाल्यावर सप्टेंबरात एकदा त्यातल्या चार घरी गेले. सकाळी अकराला गेले, घरात कुणी नाही, सगळे रानात. ही आणखी एक चूक. गृहभेट संध्याकाळी सातनंतरच करावी.

सातनंतर गेल्यावर खरं कळलं. एसटीचा संप नोव्हेंबर 2021 च्या आसपास पेटला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, पण आमची संध्याकाळी सव्वापाचची फेरी सुरू झालीच नव्हती. शाळा पाचला सुटते. पुढची गाडी साडेसातला. मुलींकडे अहिल्याबाई होळकर योजनेतले मोफत पास होते, गाडीच नव्हती. "पोरगी अंधारात पायी येणार, बाई?" या प्रश्नाला माझ्या नोंदवहीत रकाना नव्हता.

आगारात आधी मी साधा अर्ज दिला, त्याचं काही झालं नाही. दुसऱ्यांदा एका कागदावर नऊ मुलींची नावं, पासचे क्रमांक, शाळा सुटण्याची वेळ आणि ग्रामपंचायतीचा ठराव असं घेऊन सरपंचांना सोबत नेलं. दिवाळीनंतर फेरी सुरू झाली. मधल्या काळात या मुलींचा शेवटचा तास हलवून त्यांना साडेचारच्या गाडीला सोडलं. हे नियमात बसतं का, ते मी कुणाला विचारलं नाही.

नऊपैकी आठ परत आल्या. एकीचं लग्न झालं होतं. म्हणून आता वर्गशिक्षकांना सांगून ठेवलं आहे: साखरपुड्याची कुणकुण लागली तरी त्याच दिवशी मला सांगा. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर असते आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आठवीपासूनच्या प्रत्येक मुलीला पाठ हवा.

"उद्या वडिलांना घेऊन ये"

हे वाक्य मी सहावीतल्या एका मुलाला म्हणाले. गृहपाठाची वही तिसऱ्यांदा नव्हती. तो काही बोलला नाही, मान खाली घालून उभा राहिला. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "बाई, त्याचे वडील कोरोनात गेले." सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मला नव्हतं.

त्या दुपारी वर्गशिक्षकांकडून गुपचूप यादी मागवली. आमच्या शाळेत आई किंवा वडील गमावलेली अकरा मुलं निघाली. ही यादी मुख्याध्यापकाच्या खणात पहिल्या दिवशी हवी. वर्गात हात वर करायला लावून ती कधीच करू नये. यादी झाल्यावर दुसरं लक्षात आलं: त्यातल्या तिघांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्जच गेला नव्हता. दरमहा 1,100 रुपये तेव्हा मिळायचे, आता ते 2,250 केले आहेत. आयांना योजनेचं नाव ऐकून ठाऊक होतं, बोनाफाईडसाठी शाळेत दोन खेपा घालून त्या थकल्या होत्या. आता या कामाचं बोनाफाईड मागेल त्याच दिवशी मिळतं. फॉर्मवरचा 'वडिलांची सही' हा शब्दही बदलून 'पालकांची सही' केला.

खेळाचे तास कापणं

अभ्यास राहिला म्हणून जुलै ते सप्टेंबर खेळाचे तास गणिताला दिले. मधल्या सुट्टीत भांडणं वाढली, गणित काही वाढलं नाही. ऑक्टोबरात तास परत दिले. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

निकालाची चुकीच्या वर्षाशी तुलना

2 जून 2023 ला दहावीचा निकाल लागला. राज्याचा 93.83 टक्के. 2022 ला 96.94 होता, त्याआधी 2021 ला 99.95. आमचाही उतरला. संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, "का घसरला?" मी फळ्यावर आकड्यांच्या शेजारी लिहिलं: 2021 ला परीक्षाच नव्हती. 2022 ला पाऊण अभ्यासक्रम. तुलना करायचीच तर 2020 च्या 95.30 शी करा, आणि त्या वर्षीही भूगोलाचा पेपर झाला नव्हता. बैठक पुढच्या विषयावर गेली.

वर्गाचे व्हॉट्सअॅप ग्रुप तसेच चालू ठेवणं

टाळेबंदीत या ग्रुपांनी शाळा तगवली, हे कबूल. पण शाळा भरायला लागल्यावरही गृहपाठ रात्री दहाला ग्रुपवर पडत राहिला. मुलं वर्गात लिहून घेईनात, कारण ग्रुपवर येणारच. घरात एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर कारखान्यावर, मग गृहपाठ राहिला तर दोष कुणाचा? शिक्षकांनाही रात्री अकराला पालकांचे फोन. दिवाळीच्या सुट्टीत सगळे ग्रुप बंद केले, फक्त शाळेचा एक सूचनांचा ठेवला.

महिनाभर तक्रारी आल्या. अजूनही फाटकाशी एखादे पालक थांबवतात, "बाई, आजचा अभ्यास ग्रुपवर टाकला नाही का?" नाही टाकला. वहीत लिहून दिलाय, पोराला विचारा.