'ओ' लिहिण्याआधी आणखी एक ट्यूब लावा

रक्तपेढीत नव्याने ड्युटीला लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगायचे: अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी गट ओळखणारी द्रावणं) दोन्हींत गुठळ्या नाहीत म्हणून लगेच 'ओ' लिहू नका. रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) घ्या आणि ए सेल्स, बी सेल्सबरोबर (माहितीतल्या गटांच्या लाल पेशी) ओ सेल्सचीही ट्यूब लावा. रात्रपाळीत घाई असली की नेमकी हीच ट्यूब गाळली जाते.

खऱ्या ओ माणसाचं सीरम सहसा ओ सेल्सशी काही करत नाही. तिथे घट्ट गुठळी आली आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचा ऑटो कंट्रोल (त्याचंच सीरम, त्याच्याच पेशी) मात्र स्वच्छ राहिला, तर 'बॉम्बे ग्रुप' या दुर्मीळ रक्तगटाची शंका घ्या. ऑटो कंट्रोलही गुठळला तर आधी ऑटोअँटिबॉडीचा (स्वतःच्याच पेशींवर उठणाऱ्या अँटिबॉडीचा) माग काढा.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यापुढे हेच कोडं आलं होतं. ओ रक्तसुद्धा जुळेना! देशपांडे, भाटिया आणि लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी 1952 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. ए आणि बी अँटीजन (पेशीवरच्या ओळखखुणा) ज्या 'एच'वर बांधले जातात, तो पायाच या माणसांत नसतो. आईवडिलांकडून ए किंवा बीचा जीन आलेला असला तरी तो पेशीवर दिसत नाही. 'एच' घडवणाऱ्या एन्झाइमचा जीन 1990 मध्ये हाती आला, पण आपल्या टेबलावरचं काम अजूनही ट्यूबमध्येच होतं.

खात्रीसाठी अँटी-एच लेक्टिन ('एच' असलेल्या पेशींची गुठळी करणारं वनस्पतींतलं प्रथिन) वापरा. युलेक्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांतून ते काढतात. ('ए'चा ए1 हा उपप्रकार ओळखणारं लेक्टिन आपल्या कुळथातून मिळतं, हे कळल्यापासून कुळथाच्या पिठल्याकडे मी जरा आदराने बघते.) शेजारी माहितीतल्या ओ सेल्स लावा. त्यांत गुठळी आलीच पाहिजे, नाहीतर लेक्टिनच खराब आहे. रुग्णाच्या पेशी कोऱ्या राहिल्या तर शंका पक्की. तरीही नमुना संदर्भ प्रयोगशाळेला पाठवाच, कारण पॅरा-बॉम्बे हा मिळताजुळता गट ओळखायला लाळेची तपासणी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या माणसाला ओ निगेटिव्हही चालत नाही. त्याच्या रक्तातली अँटी-एच ('एच'विरुद्धची अँटिबॉडी) 37 अंशांवर काम करते आणि दिलेल्या पेशी फोडते. रक्त बॉम्बे ग्रुपच्याच दात्याचं हवं, आणि भारतात असा माणूस साधारण 10,000 मध्ये एक. म्हणून शोध घरापासून सुरू करा: सख्ख्या भावंडांत जुळण्याची शक्यता चारात एक.

माझ्याकडे एक बाळंतीण आली होती. जुन्या कार्डावर दुसऱ्या ठिकाणचा शिक्का होता, 'ओ पॉझिटिव्ह'. क्रॉसमॅचला (रुग्ण आणि दात्याचं रक्त जुळवून पाहण्याच्या चाचणीत) आमची एकही पिशवी जुळेना. रात्री तिच्या तीन भावंडांना बोलावून घेतलं; धाकट्या बहिणीच्या पेशी लेक्टिनमध्ये कोऱ्या राहिल्या. बहिणीचं हिमोग्लोबिन 12.8 निघालं, म्हणजे ती रक्त देऊ शकत होती, तेव्हा माझे हात थरथरत होते.

बाळंतीण घरी गेली तेव्हा डिस्चार्ज पेपरवर मी लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'बॉम्बे ग्रुप. ओ रक्त देऊ नये.' ते जुनं कार्ड नवऱ्याकडून मागून घेतलं आणि त्याच्यासमोर फाडलं. तुम्हीही तसंच करा. आणि बहिणीचा फोन नंबर, तिची परवानगी घेऊन, दुर्मीळ दात्यांच्या नोंदवहीत त्याच दिवशी चढवा.