खाऱ्या वाऱ्यात टिकणारी पन्हळ

श्रीवर्धनच्या आमच्या कौलारू घराची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची पन्हळ खाऱ्या हवेने सांध्यांवर कुजली होतीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने ती ब्रॅकेटसकट उपटून नेली.

नवी घेताना पीव्हीसीचा विचार केला. स्वस्त, गंजत नाही. पण उन्हाने कडक होते आणि वरून माडाची झावळी पडली की तडकते. आमच्या आवारात माड भरपूर, म्हणून जाड, रंग चढवलेली अॅल्युमिनियमची घेतली, सहा इंच रुंद. कोकणातल्या धो धो पावसाला त्याहून अरुंद पुरत नाही, पाणी उसळून भिंतीवर येतं.

खरी मेख स्क्रूत आहे. अॅल्युमिनियमला साधा लोखंडी स्क्रू लावला, तर खाऱ्या ओलाव्यात भोकाभोवतीचा पत्राच खाल्ला जातो. स्टेनलेस स्टीलचेच हवेत, हे मी गवंड्याला दोनदा बजावलं. ब्रॅकेट दर दोन फुटांवर, थेट वाशांना. दहा फुटांना जेमतेम अर्धा इंच उतार, दोन्ही टोकांना चार इंची पाइप.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. पन्हळ जागची हलली नाही. आता मृगाआधी शिडी लावून आतला पालापाचोळा तेवढा काढतो.