सीआरपीचा आकडा आणि मेटाबॉलिक सिंड्रोम : अहवाल कसा वाचावा?

रक्ताच्या अहवालात सीआरपीसमोरचा (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे दाह असताना रक्तात वाढणारे प्रथिन) आकडा ठळक छापलेला दिसला की अनेकांचे लक्ष तेथेच खिळते आणि शेजारची रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी), एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) हे आकडे नजरेआड होतात. हा क्रम उलटा करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सीआरपी शरीरात दाह (इन्फ्लमेशन) आहे एवढेच सांगते. तो कोठे आहे आणि कशामुळे आहे, हे ते सांगू शकत नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे पोटाची चरबी, रक्तदाब, रक्तशर्करा आणि रक्तातील चरबी यांतले बिघाड एकत्र आढळणे; त्याच्या निदानाच्या निकषांतही सीआरपीचा समावेश नाही.

म्हणून आधी निदानाचे पाच निकष तपासावेत. पहिला कंबरेचा घेर. सरळ उभे राहून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धरावी आणि श्वास सहजपणे सोडल्यानंतर माप घ्यावे. पोट आत ओढून घेतलेले माप निरुपयोगी असते. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत 90 सेंटिमीटर व स्त्रियांत 80 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर हा वाढलेला मानतात. इतर वंशसमूहांसाठी या मर्यादा वेगळ्या आहेत. उरलेले चार निकष असे : ट्रायग्लिसराइड 150 मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत 40 पेक्षा आणि स्त्रियांत 50 पेक्षा कमी, रक्तदाबाचा वरचा आकडा 130 किंवा खालचा 85 यांपैकी एक तरी गाठलेला, आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा 100 किंवा अधिक. पाचपैकी कोणतेही तीन लागू पडले तर मेटाबॉलिक सिंड्रोम आहे असे म्हणतात. यांपैकी एखाद्या दोषासाठी औषध चालू असेल, तर आकडा आटोक्यात दिसत असला तरी तो निकष लागू आहे असेच धरतात. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता सीआरपीकडे वळावे. नेमकी कोणती चाचणी झाली आहे, हे प्रथम पाहावे. साधी सीआरपी चाचणी जंतुसंसर्गासारखा तीव्र दाह ओळखण्यासाठी असते आणि अगदी कमी पातळीतले फरक तिला नीट टिपता येत नाहीत. चयापचयाशी निगडित असलेला मंद, दीर्घकाळ धुमसणारा दाह मोजण्यासाठी एचएस-सीआरपी ही अधिक संवेदनशील चाचणी लागते. त्यानंतर एकक पाहावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये आणि काही मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये निष्कर्ष देतात, आणि या दोहोंत दहापटीचा फरक आहे : 0.4 मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर म्हणजेच 4 मिलिग्रॅम प्रतिलिटर. एकक न पाहता दोन अहवालांची तुलना केली, तर विनाकारण घबराट होते किंवा विनाकारण निश्चिंतपणा येतो.

हृदयविकाराच्या जोखमीच्या दृष्टीने 1 मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी पातळी कमी जोखमीची, 1 ते 3 मध्यम आणि 3 पेक्षा जास्त असेल तर ती अधिक जोखमीची मानतात. पातळी 10 च्या वर गेली असेल, तर त्या आकड्यावरून चयापचयाविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. आधी संसर्ग, दुखापत किंवा एखादा दाहजन्य आजार आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे आणि प्रकृती पूर्ववत झाल्यावर चाचणी पुन्हा करावी. तसेच एका मोजणीवर विसंबू नये. सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून सरासरी काढणे अधिक विश्वासार्ह ठरते. सर्दी, ताप, दातांचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा सवय नसताना केलेला जड व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता चढतो. धूम्रपान, हिरड्यांचा जुनाट आजार आणि तोंडावाटे घेतलेली इस्ट्रोजेनयुक्त औषधे यांनीही तो वाढलेला राहू शकतो, तर स्टॅटिन गटातील (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) औषधांनी तो उतरतो. म्हणून चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

पोटातील चरबीचा आणि या आकड्याचा संबंध काय, हे समजून घेतल्यास पुढचे उपाय पटतात. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की त्या ऊतीत मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींची गर्दी होते आणि तेथून इंटरल्यूकिन-6, टीएनएफ-अल्फा यांसारखे दाहकारक पदार्थ स्रवू लागतात. इंटरल्यूकिन-6 चा संदेश पोहोचल्यावर यकृत सीआरपी तयार करते. टीएनएफ-अल्फा मात्र इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणजे इन्शुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद आणि वाढलेले सीआरपी ही बऱ्याच अंशी एकाच मुळाची दोन लक्षणे आहेत. जनुकीय अभ्यासांतूनही सीआरपी हे स्वतः हृदयविकाराचे कारण असल्याचे दिसलेले नाही. त्यामुळे केवळ हा आकडा खाली आणण्यासाठी स्वतःच्या मनाने दाहशामक गोळ्या घेणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते. त्यांनी रक्तदाब चढू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

मेटाबॉलिक सिंड्रोम आणि सीआरपी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचण्याचे मोल मात्र मोठे आहे. 14,719 निरोगी अमेरिकन स्त्रियांचा 8 वर्षे मागोवा घेऊन 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांचे सीआरपी 3 पेक्षा अधिक होते, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण अधिक आढळले. अमेरिकेतील 2018 च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही मेटाबॉलिक सिंड्रोम आणि एचएस-सीआरपी 2 किंवा अधिक असणे, या दोहोंना जोखीम वाढवणारे घटक म्हणून स्वतंत्र स्थान आहे. स्टॅटिन सुरू करावे की नाही, असा प्रश्न डॉक्टरांसमोर असतो तेव्हा या माहितीचा खरा उपयोग होतो.

ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग), पांढऱ्या पेशींची संख्या आणि फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) हेही दाहाबरोबर वाढतात. पण रक्तक्षय, वय आणि गर्भावस्था यांनी ईएसआर बदलतो, तर फेरिटिन लोहाच्या साठ्यावरही अवलंबून असते. चयापचयाच्या जोखमीसाठी त्यांच्यावर मुद्दाम खर्च करण्याची गरज सहसा नसते.

उपायांत वजनाचा वाटा सर्वांत मोठा आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अमेरिकन चाचणीत वजनात 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले, आणि वजन उतरले की सीआरपीही उतरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. धूम्रपान सोडावे, हिरड्यांवर उपचार करून घ्यावेत, झोप पुरेशी घ्यावी. असे तीन महिने सातत्याने केल्यानंतर कंबरेचे माप, रक्तदाब, उपाशीपोटीची शर्करा व चरबीचे घटक पुन्हा तपासावेत, आणि एचएस-सीआरपी पुन्हा करायचे ठरल्यास ते शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, प्रकृती ठीक असताना करून दोन्ही अहवाल शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावेत.