परदेशातून येऊन पुण्या-मुंबईत बॅरिअॅट्रिक सर्जरी करायची असेल तर: तयारीची यादी

लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीहून पुण्या-मुंबईत येऊन वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, की बहुतेक जण आधी तिकीट काढतात, मग सर्जन शोधतात, आणि परत गेल्यावर आपल्याला कोण बघणार हा प्रश्न अगदी शेवटी सुचतो. क्रम उलटा ठेवा. पहिलं काम राहत्या गावी करायचं. ब्रिटनमध्ये असाल तर जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) लेखी विचारा, की 3, 6 आणि 12 महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासून देणार का. इमर्जन्सी आली तर एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) उपचार करते, पण परदेशात खासगीत केलेल्या ऑपरेशनचा नेहमीचा फॉलोअप ती घेईलच असं धरून चालू नका. नकार आला तर तिथलाच एखादा खासगी बॅरिअॅट्रिक डायटिशियन आधीच गाठून ठेवा. साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स ठरवून केलेल्या ऑपरेशनचा खर्च देत नाही आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचाही सहसा नाही. पॉलिसीतला तेवढा परिच्छेद स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड असेल तर व्हिसाचा प्रश्न नाही. नसेल तर ई-मेडिकल व्हिसा काढा. त्यासाठी हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं पत्र लागतं, आणि सोबत येणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला अटेंडंट व्हिसा वेगळा काढावा लागतो. टूरिस्ट व्हिसावर येऊन ऑपरेशन उरकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

सर्जनशी पहिली व्हिडिओ भेट घेताना कोणतं ऑपरेशन आणि का, हे विचारा. भारतीय शरीरयष्टीसाठी ऑपरेशनच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा 2.5 ने खाली धरतात. आपल्याकडची जुनी रूढ मर्यादा 37.5 ची, आणि मधुमेह किंवा ब्लडप्रेशरसारखा आजार सोबत असेल तर 32.5 ची. अलीकडे ती आणखी खाली आली आहे. स्लीव्ह या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढून टाकतात, तो परत जोडता येत नाही. आधीपासून जळजळ, आंबट ढेकर असतील तर स्लीव्हनंतर त्रास वाढू शकतो, म्हणून एंडोस्कोपी न करता स्लीव्ह सुचवणारा सर्जन सोडून द्या. बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) जळजळ कमी होते, पण जीवनसत्त्वांची कमतरता जास्त होते, आणि सिगारेट किंवा आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जोडावर अल्सर होऊ शकतो.

पॅकेजचा आकडा ऐकून खूश होण्याआधी त्यात काय नाही ते विचारा. जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरची किती कार्ट्रिज धरली आहेत (स्लीव्हला साधारण पाच-सहा लागतात, जास्तीच्या प्रत्येकाचं बिल वेगळं येऊ शकतं), आयसीयूचा दिवस लागला तर दर काय, घरी गेल्यावरची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं आत आहेत का, आणि महिन्याभरात परत भरती व्हावं लागलं तर खर्च कुणाचा. उत्तरं ईमेलवर घ्या.

निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. मिश्री मोजायची राहून जाते, आणि निकोटिन तर त्यातही असतं. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, बी12, डी3, फेरिटिन (लोहाचा साठा), पोटाची सोनोग्राफी एवढं तिकडेच करून रिपोर्ट आधी पाठवा. कमतरता असेल तर ती भरायला वेळ मिळतो. घोरत असाल आणि दिवसा झोप येत असेल तर स्लीप स्टडी करा. सीपॅप मशीन (झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं) वापरत असाल तर ते केबिन बॅगेतून आणा, कारण ऑपरेशनच्या पहिल्याच रात्री ते लागतं.

औषधांची यादी भूलतज्ज्ञाला स्वतः द्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन-चार दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी किंवा लिक्विड डाएटवर (ऑपरेशनआधीचा फक्त पातळ आहार) त्या चालू राहिल्या तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं, आणि साखर बरी दिसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लिक्विड डाएट सुरू होण्याआधीच त्यांच्याबद्दल विचारा. ओझेम्पिक, माउंजारो (मधुमेहाची, वजन उतरवणारी इंजेक्शनं) घेत असाल तर ते लपवू नका: जठर रिकामं व्हायला उशीर होतो आणि भुलीत अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या साधारण चार आठवडे आधी बंद करतात, कारण रक्ताची गुठळी. इन्शुलिनचा आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचा डोस लिक्विड डाएटच्या पहिल्याच दिवशी कमी करावा लागतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दोन आठवड्यांचं लिक्विड डाएट वजनासाठी नसतं, लिव्हरसाठी असतं. लिव्हरचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. चरबीने फुगलेला असला तर सर्जनला तिथे नीट दिसत नाही, आणि लीक (स्टेपलच्या ओळीतून गळती) बहुतेक वेळा होतो तो त्याच टोकाला. भारतात उतरल्यावर ‘आता पुढे खायला मिळणार नाही’ म्हणून मिसळ, आमरस, लग्नाची पंगत उरकून घेतली, तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते. गणपती, दिवाळी किंवा घरातलं लग्न गाठून ऑपरेशनची तारीख घेऊ नका. ‘एक घास तरी’ म्हणणाऱ्या मावश्या-काकवांना नाही म्हणायची ताकद त्या दिवसांत उरत नाही. ऑपरेशनच्या पाच-सात दिवस आधी या, लांबच्या विमानप्रवासानंतर थेट टेबलावर जायचं नाही.

परतीचं तिकीट बदलता येईल असंच घ्या, आणि ऑपरेशननंतर निदान तीन आठवडे हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहा. टाके नीट दिसतात, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, माणूस चालू-फिरू लागतो, म्हणून एका आठवड्यात परत जावंसं वाटतं. पण स्टेपलच्या ओळीतून होणारी गळती पाचव्या, दहाव्या दिवशी किंवा त्यानंतरही दिसू शकते, आणि तेव्हा तुम्ही विमानात किंवा तुमचं ऑपरेशन न पाहिलेल्या कॅज्युअल्टीत असता कामा नये. राहायची जागा लिफ्टची, कमोडची. बिल्डिंगला लिफ्ट नसेल तर तिसऱ्या मजल्यावरचं काकांचं घर कितीही प्रेमाचं असलं तरी नको.

या दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ बसून नाडी मोजा आणि वहीत लिहा. विश्रांतीतही नाडी 120 च्या वर टिकून राहिली, तर ताप नसला आणि पोट फार दुखत नसलं तरी त्याच क्षणी सर्जनला फोन करा. लीकची ती पहिली खूण असू शकते. डाव्या खांद्यात दुखणं, धाप, थंडी वाजून ताप, हीसुद्धा तशीच. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखली तर तीही दाखवा. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा देणारे घरात असतातच.

किचनची तयारी छोटी असते. मिक्सर, बारीक गाळणी, आणि खोकल्याच्या औषधासोबत येणारी मापाची छोटी वाटी. 30 मिली तिच्यात ओतायचं आणि पंधरा मिनिटांत घोट घोट संपवायचं. दिवसाला दीड लिटरचं टार्गेट असेल तर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हेच चालू राहतं. ग्लासाने गटकलं की छातीत दुखतं आणि ओकारी येते. पाणी उकळून गार केलेलं, पावसाळ्यात तर नक्कीच. पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ खिमट, मऊ पनीर, अंडं, आणि साधं जेवण साधारण सहा-आठ आठवड्यांनी.

वरणाचं पाणी आणि नाचणीचं आंबील यांवर आपल्या घरांचा फार विश्वास. ते पचतं, पण त्यात प्रोटीन नावापुरतं असतं. रोज 60 ग्रॅम लागतं. त्यासाठी व्हे प्रोटीनचे दोन स्कूप (डब्यावर पाहा, साधारण 24 ग्रॅमचा एक), शिवाय दूध आणि दाट दही घुसळून केलेलं ताक. साखर न घातलेला, ओळखीचा ब्रँड आधी एकदा पिऊन पाहा. ऑपरेशननंतर गोडाची चव अचानक नकोशी होऊ शकते आणि चार किलोचा डबा तसाच पडून राहतो.

ओकाऱ्या थांबतच नसतील, तर थायमिन, म्हणजे बी1, संपत जातं. मग चालताना झोक जातो, डोळ्यांना दोन दिसतं, माणूस गोंधळतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावणं धोक्याचं, आधी थायमिन द्यावं लागतं. सोबतच्या माणसाला हे वाक्य पाठ करायला लावा: ‘बॅरिअॅट्रिक सर्जरी झालीय, आधी थायमिन द्या.’

परतताना केबिन बॅगेत डिस्चार्ज समरी, ऑपरेशनची सविस्तर नोट, स्टेपलरच्या कार्ट्रिजचे स्टिकर आणि औषधांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन ठेवा. इंजेक्शनच्या सिरिंजसाठी वेगळं पत्र. आखाती देशांत परतणाऱ्यांनी वेदनेसाठी ट्रॅमाडॉल दिलंय का ते पिशवी उघडून पाहावं. दुबईत ते नियंत्रित औषध आहे आणि परवानगीशिवाय जवळ असणं गुन्हा ठरतो. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, तेही घेऊ नका, पॅरासिटामॉल पुरतं. विमानात आइलची सीट, कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, तासाला एक फेरी, आणि सिक्युरिटीनंतर भरून घेतलेली बाटली. वजनाची बॅग कुणाला तरी उचलायला सांगा, सहा आठवडे पाच किलोपेक्षा जड काही नको.

घरी पोचल्यावर मल्टिव्हिटॅमिन, बी12, डी3, कॅल्शियम सायट्रेट आणि लोह हे आयुष्यभराचं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. पित्तखड्यांसाठी सहा महिन्यांचं अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड अनेक सर्जन लिहितात, ते मध्येच सोडू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि पुन्हा येतात. त्यासाठी बायोटिनवर पैसे घालवण्यापेक्षा प्रोटीन आणि फेरिटिन तपासा. बाळंतपणाच्या वयातल्या बायकांनी 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायची. वजन उतरताना पाळी नियमित होते आणि नकळत दिवस राहतात. बायपासनंतर तोंडी गोळ्यांवर विसंबू नका, कॉपर टी किंवा इतर उपाय स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून ऑपरेशनच्या आधीच ठरवा.