वस्तीवर पोलिसांची गाडी आली की पहिले २४ तास

मागच्या पावसाळ्यात एका पहाटे फोन वाजला. मिरजेच्या पूर्व भागातल्या एका पारधी वस्तीवरची दहावीतली पोरगी होती. रडली नाही, "लवकर या" म्हणाली नाही. तिचं पहिलंच वाक्य असं: "मावशी, ४ वाजून १० मिनिटं. पांढरी बोलेरो, नंबर वहीत लिहिलाय. साध्या कपड्यातले चौघं, वर्दीतला एक. मामाला नेलं. अंगात निळा शर्ट, पायात चप्पल नाही. चालत गेला, लंगडत नव्हता." दुसऱ्या दिवशी दुपारी मामा स्वतःच्या पायाने ठाण्याबाहेर आला, हातात नोटीस घेऊन.

त्या पोरीला जे शिकवलं तेच इथं लिहितेय. वस्तीवरच्या नववी-दहावी शिकलेल्या पोरापोरींनी हे वाचावं आणि आई-आजीला वाचून दाखवावं.

मी स्वतः फासेपारधी. आश्रमशाळेत शिकले. सांगली जिल्ह्यात विधी स्वयंसेवक म्हणून अकरा वर्षं काम करतेय. पण हे काम माझ्या डोक्यात त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं. मी बारा वर्षांची असताना सोमवारच्या रात्री माझ्या थोरल्या भावाला "चौकशीला" म्हणून नेलं. शेळ्या चोरीला गेल्या होत्या, आणि शेळ्या गेल्या की पहिली गाडी आमच्याकडे. आई दोन दिवस ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून होती. तिला पाणी दिलं, भाऊ दाखवला नाही. बुधवारी सांगितलं, चक्कर येऊन पडला, गेला. कागदावर अटक बुधवारी सकाळची होती आणि मृत्यू बुधवारी दुपारचा. सोमवार रात्र आणि सगळा मंगळवार कागदावर झालाच नाही. माझी आई ते दोन दिवस तिथं बसून होती, पण तिच्याकडे घड्याळ नव्हतं आणि तिला लिहिता येत नव्हतं. कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेतला आणि त्याच संध्याकाळी माती द्यायला लावली.

म्हणून पहिलं काम एकच आहे. वेळ लिहा. आत काय चाललंय ते आपल्याला दिसणार नाही, पण माणूस कधी गेला आणि कसा गेला हे बाहेरून लिहून ठेवता येतं. वहीवर लिहा आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांना पाठवा. त्यातला एक वस्तीबाहेरचा असू द्या, शाळेतले गुरुजी, आशाताई, वकील, कुणीही. मेसेजवर वेळ आपोआप पडते, ती कुणाला खोडता येत नाही. गाडीचा नंबर, माणसं किती, कोणत्या ठाण्याचं नाव सांगितलं, अंगावर कपडे कोणते आणि शरीरावर आधीची जखम आहे की नाही, हे सगळं त्यात यायला हवं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "आधीपासूनच लागलेलं होतं" हे उत्तर पुढे हमखास येतं.

वेळेला एवढं का धरून बसते, तेही सांगते. राज्यघटनेचं कलम २२ म्हणतं की अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. आता "अटक नाही, नुसती चौकशी" म्हटलं की हे २४ तास सुरूच झाले नाहीत असं भासवलं जातं. तसं नसतं. माणसाला जायला-यायला मज्जाव केला तिथून अटक सुरू होते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय. तुमच्या वहीतले ४ वाजून १० हा त्या घड्याळाचा पहिला टोल.

आता पळण्याबद्दल. गाडीचा उजेड दिसला की आपली माणसं उसात घुसतात. मला कळतं ते, माझे वडीलही घुसायचे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तेव्हापासून पोरं जन्मतःच गुन्हेगार ठरली. आज्याला रोज पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची, परगावी जायला चिठ्ठी लागायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण १९५९ चा सराईत गुन्हेगारांचा मुंबई कायदा आला आणि "जन्मजात"च्या जागी "सराईत" हा शब्द बसला. आज पेपरात एका घरातले चार भाऊ पकडले की ती "पारधी टोळी" होते. दुसऱ्या समाजातल्या चार भावांना कुणी त्यांच्या जातीची टोळी म्हटलेलं मी वाचलेलं नाही. एवढं सगळं पाठीवर असताना माणूस पळणारच. तरी पळू नका. अंधारात पळणाऱ्याला काहीही लागू शकतं, आणि पळाला म्हणजे गुन्हेगार हे गृहीतच धरलं जातं.

पळणाऱ्याला मारायचा हक्क मात्र पोलिसांना आपोआप मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक आणि तपासाच्या कायद्याचं, कलम ४३ सांगतं की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. अमेरिकेत हीच गोष्ट कोर्टात ठरायला अकरा वर्षं लागली. १९७४ मध्ये मेम्फिस शहरात एडवर्ड गार्नर हा पंधरा वर्षांचा काळा मुलगा कुंपणावर चढून पळत होता. त्याच्याकडे शस्त्र नाही हे पोलिसाला जवळपास पटलेलं होतं. तरी त्याने मागून डोक्यात गोळी घातली. पोराकडे एक पर्स आणि दहा डॉलर निघाले. बाप कोर्टात लढत राहिला आणि १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता पळतोय म्हणून नि:शस्त्र माणसाला गोळी घालता येणार नाही. तिथं काळ्या लोकांचं लोकसंख्येतलं प्रमाण १३-१४ टक्के, पण पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांत ते सुमारे एक चतुर्थांश. तिथं कातडीचा रंग लांबून दिसतो. आपल्याकडे आडनाव आणि वस्तीचा पत्ता विचारला की काम भागतं.

व्हिडिओ काढायचा का, हे सगळे विचारतात. काढा, पण दहा-पंधरा पावलं लांबून आणि एकही शब्द न बोलता. मध्ये आडवं जायचं नाही, वर्दीला हात लावायचा नाही. नाहीतर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा तुमच्यावर पडतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. काढला की लगेच पाठवा, कारण फोन हिसकावला जाऊ शकतो. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तब्येत बिघडून मृत्यू एवढंच होतं. फुटपाथवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने फोन हलू न देता सगळं टिपलं, म्हणून तो पोलीस पुढच्या वर्षी खुनासाठी दोषी ठरला. आपल्या वस्तीतल्या सतरा वर्षांच्या पोरींच्या हातातही तोच फोन आहे.

बायकांबद्दल एकच गोष्ट, पण ती पाठ करून ठेवा. नवरा सापडला नाही म्हणून बायकोला किंवा म्हाताऱ्या सासूला उचलून नेणं चालत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण हवं, महिला अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाई, पंधरा वर्षांखालचं पोर आणि साठीच्या वरचा माणूस यांना ठाण्यात बोलवायचं नाही, घरी येऊन विचारायचं.

मग ठाण्यावर जायचं. दोघं जा, एक बाई असलेली बरी. ठाणे अंमलदाराला नमस्कार करून शांतपणे विचारा: "साहेब, आमचा माणूस पहाटे आणलाय. कुठल्या गुन्ह्यात, आणि स्टेशन डायरीला नोंद झाली का?" "इथं नाही, एलसीबीला (स्थानिक गुन्हे शाखेला) विचारा" म्हणाले तर त्या माणसाचं नाव आणि वेळ वहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या १९९६ च्या निकालापासून अटकेचा पंचनामा हवाच, त्यावर तारीख-वेळ हवी, घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी. वाचल्याशिवाय सही करू नका. पंचनाम्यातली वेळ तुमच्या वहीतल्या वेळेशी जुळत नसेल तर सहीच्या वर लिहा, "आमच्या माणसास आज पहाटे ४.१० वाजता नेले आहे." लिहू दिलं नाही तर सही करू नका आणि बाहेर येऊन तसा मेसेज टाका. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही. माझ्या आईचा तो अंगठा मला अजून दिसतो, जांभळ्या शाईचा, कडेला पसरलेला.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, साधी चोरी तर तीनच वर्षांची आहे, तर आधी नोटीस देऊन बोलवायचं असतं. अटक केलीच तर कारणं लिहावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल, २०१४. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगातल्या जातिभेदावर सुकन्या शांता यांच्या याचिकेत निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम विमुक्त जमातींचं, म्हणजे त्या जुन्या गुन्हेगार-कायद्यातून सुटलेल्या आपल्यासारख्यांचं, नाव घेऊन सांगितला, की या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी तो पाळावा. ही ओळ प्रत्येक अर्जात घाला. एक सावधगिरी: आपल्या पाच जणांना एकत्र उचललं की "दरोड्याची तयारी" लागण्याचा धोका असतो. तिथं शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे, मग नोटिशीची गोष्ट निघत नाही. म्हणून पाचही जण कुठून-कुठून, किती वाजता नेले हे वेगवेगळं लिहा. तीन वेगवेगळ्या घरांतून झोपेतून उठवलेली माणसं माळावर दबा धरून बसलेली असू शकत नाहीत.

दुपारपर्यंत पत्ता लागला नाही तर अर्ज करा. अर्ज एकच, तो पोलीस अधीक्षक, न्यायदंडाधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण या तिघांना द्यायचा. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का मागा. दिला नाही तर स्पीड पोस्टची पावती जपा. वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा. त्याच अर्जात आणखी एक वाक्य लिहा: "सदर पोलीस ठाण्यातील आजच्या पहाटेपासूनचे सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावे." डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा, आवाजासकट कॅमेरे आणि कमीत कमी एक वर्षाचा साठा बंधनकारक केलाय. आधी लेखी मागितलेलं असलं की नंतर "कॅमेरा बंद होता" म्हणणं अवघड जातं. माणूस मिळतच नसेल तर हेबियस कॉर्पस, म्हणजे "माणूस कोर्टापुढे हजर करा" अशी उच्च न्यायालयातली याचिका. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, सांगली-साताऱ्यातून एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं.

कोर्टात उभं केलं की साहेब विचारतात, काही तक्रार आहे का. आपला माणूस मान खाली घालून "नाही" म्हणतो, कारण मागे तेच पोलीस उभे असतात. आदल्या दिवशी भेट झाली तर त्याला सांगा, वकिलामार्फत सांगा: मारलं असेल तर तिथंच, तेव्हाच बोल. तळपाय दाखव. पट्ट्याचा मार बहुतेक तळपायावर असतो, आणि डॉक्टर चप्पल काढायला सांगत नाहीत. अटक झाल्यावर वैद्यकीय तपासणी होते, त्या अहवालाची प्रत मागणं हा हक्क आहे.

आणि सगळं करूनही माणूस गेला तर. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवं. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीतच कोठडीतल्या मारहाणीत एक तरुण गेला, प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं, आणि तो पळून गेला असं सांगितलं गेलं. घरच्यांनी ते मानलं नाही, म्हणून पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायदा शिकणारा तरुण न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला शॉक निघाला. आई लढली, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला.

घाईने माती देऊ नका. कुणी गाडी, लाकडं, खर्च द्यायला आलं तरी नाही. शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हायला हवं, ते लेखी मागा. न्यायवैद्यक विभाग असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करावं असंही लिहा, आपल्याला मिरज जवळ आहे. इन्क्वेस्ट पंचनाम्याला, म्हणजे मृतदेहाच्या पंचनाम्याला, घरचा माणूस उभा राहू द्या, अंगावरची प्रत्येक खूण त्यात आली का ते बघा, पाठ आणि तळपाय उलटून बघायला लावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली पोलिसांच्या तपासाशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी होते, आणि घरच्यांना तिथं हजर राहता येतं. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून अ‍ॅट्रॉसिटीचं कलमही मागा. जातीचा दाखला नसेल तर आजच अर्ज टाका, वेळ आल्यावर तो मिळत नाही. पालपारधी, वडार, रामोशी विमुक्त जातींत आहेत, त्यांना तो कायदा लागत नाही, बाकी सगळं लागतं.

त्या चौकशीत जबाब द्यायला आईला बोलवतील, बायकोला बोलवतील. "माझा मुलगा चांगला होता" इथून सुरू करू नका. वही उघडा आणि पहिल्या ओळीपासून वाचा: तारीख, ४ वाजून १० मिनिटं, पांढरी बोलेरो, पायात चप्पल नव्हती, चालत गेला.